‘इंडिया, व्हाया सिंगापूर’ : एका माजी नेट कॅफेवालीचं सर्ट-इनला खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, सर्ट-इन (देशातल्या सायबर हल्ल्यांशी लढणारी सरकारी यंत्रणा), नवी दिल्ली
आणि
सचिव, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतलं व्हीपीएन ग्राहकांची पाच वर्षं नोंद ठेवण्याचं कलम मागे घेण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर मोबाइल घेऊन माझ्या दुकानात आले. लेकीकडे जर्मनीला तीन महिने राहायला निघाले होते. पेन्शनच्या बँकेची साइट तिकडून उघडत नाही असं त्यांना कुणी तरी सांगितलेलं, म्हणून जावयानं व्हीपीएनचे, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे फिरवणाऱ्या सेवेचे, पैसे भरून दिले होते. "एवढं चालू करून दे, म्हणजे फोन इथंच असल्यासारखा वागेल," म्हणाले. (मालिका चुकू नयेत ही बाईंची अट होती, ते त्यांनी जाता जाता सांगितलं.) मी अ‍ॅप उघडलं, देशांच्या यादीत भारत शोधला. तिथं लिहिलं होतं : ‘इंडिया (व्हाया सिंगापूर)’. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, दोनदा वाचलं आणि विचारलं, "मिरजेहून सांगलीला कोल्हापूरमार्गे?"

त्यांना कारण सांगितलं तेव्हा ते हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या कारणाशी माझं जुनं नातं आहे. म्हणून हे पत्र.

28 एप्रिल 2022 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70बी(6) खाली आपल्या कार्यालयानं निर्देश काढले. त्यातल्या एका कलमानं डेटा सेंटर, क्लाउड, व्हीपीएस (म्हणजे भाड्यानं मिळणारे सर्व्हर) आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांना सांगितलं, की प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवा आणि ग्राहक सोडून गेल्यावरही ती निदान पाच वर्षं जपा. काय काय नोंदायचं? पडताळलेलं नाव. पडताळलेला पत्ता आणि फोन नंबर. सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली. कोणते आयपी पत्ते, म्हणजे नेटवरच्या जोडणीचे नंबर, दिले. नाव नोंदवताना कोणता ईमेल, कोणता आयपी, किती वाजता. मालकी कुणाची. आणि सेवा घेण्याचा उद्देश काय.

यावर बाहेरच्या कंपन्यांनी काय केलं ते आपल्याला माहीत आहेच. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी 2022 च्या जूनमध्ये आणि प्रोटॉननं सप्टेंबरात भारतातले सर्व्हर काढून घेतले. भारताचा आयपी पत्ता हवा असणाऱ्यांना त्यातल्या काही कंपन्या तो आता सिंगापुरात किंवा इंग्लंडात बसवलेल्या यंत्रावरून देतात. नियम पाळायचे नसतील तर इथून निघून जाण्याखेरीज पर्याय नाही, असं तेव्हाच्या राज्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. गेल्या. गेले ते सर्व्हर. मास्तरांचा भारत सिंगापूरमार्गे झाला तो असा.

आता मी कोण, ते सांगते.

2006 ते 2018 अशी बारा वर्षं मी मिरजेत, स्टेशनकडे जाणाऱ्या एका बोळात, सहा कॉम्प्युटरचा नेट कॅफे चालवला. वायरिंग आणि यूपीएस नवऱ्याकडे, काउंटर माझ्याकडे. भारनियमनाच्या दिवसांत अर्धा धंदा यूपीएसच्या बॅटरीवर चालायचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे, विजापूर-बेळगावकडचे पेशंट इथं येतात. माझ्याकडे निम्मी गर्दी फॉर्म भरणाऱ्या पोरांची असायची आणि उरलेली हातात रिपोर्टची पिशवी घेतलेल्या नातेवाइकांची.

2011 च्या एप्रिलमध्ये सायबर कॅफेचे नियम आले. प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, प्रत घ्या. वहीत नाव, पत्ता, स्त्री की पुरुष, फोन नंबर, ओळखपत्राचा तपशील, कोणता कॉम्प्युटर, किती वाजता बसला, किती वाजता उठला हे लिहा. वही कमीत कमी एक वर्ष ठेवा. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल द्या. कोण कोणत्या साइटवर गेलं त्याचेही लॉग वर्षभर ठेवा. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, बाकीच्या कॉम्प्युटरचे स्क्रीन उघड्या जागेकडे तोंड करून. आम्ही सुताराला बोलावलं. सहा फुटांचं प्लाय त्यानं दीड फूट कापलं आणि कापलेल्या पट्ट्यांची एक मांडणी करून दिली. ती अजून आहे. वह्या मी त्याच मांडणीत ठेवायची.

नियम मी मनापासून पाळले. दहशतवाद्यांचे ईमेल नेट कॅफेतून जातात, हे पेपरात वाचलेलं होतं. आपल्या दुकानातून तसलं काही जाऊ नये असं कुणाला वाटणार नाही? लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही आणली, पट्टीनं रकाने आखले, दोरीनं पेन बांधलं आणि वही काउंटरवर उघडी ठेवली.

दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ दुकानात आले. लेकीचा हात धरलेला. एफवायला होती, महिन्यापूर्वी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. तेव्हापासून रात्री अकरानंतर तिच्या मोबाइलवर मिस कॉल, मग मेसेज, मग फोटो मागणं. नंबर कुठून गेला ते घरात कळेना. शेवटी तिलाच आठवलं, की मोबाइल नंबर आपण नव्यानं एकाच ठिकाणी लिहिला. वडिलांनी वही स्वतःकडे ओढली, पानं मागं उलटली, तिची ओळ सापडली त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही ओळ कुणी कुणी बघितली?"

महोदय, त्या दिवशी तिच्या खाली एकवीस नावं होती. एकवीस माणसांनी त्याच पानावर वाकून आपापलं नाव लिहिलेलं. वर नंबर लागेपर्यंत काउंटरला टेकून उभी राहणारी पोरं वेगळी. मी काय सांगणार? पोरीनं कॉलेज सोडलं नाही, पण तिचा मोबाइल वर्षभर बापाच्या खिशात राहिला, हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून समजलं. छळणारा कोण ते कधीच कळलं नाही. दिवसभरातली सगळी नावं वहीत होती आणि त्या वहीचा त्याला पकडायला कवडीचाही उपयोग झाला नाही.

त्या दिवसापासून वही बंद करून मी स्वतः लिहायला लागले. पण एकदा एका साहेबांनी ती तपासणीसाठी नेली, पावती दिली नाही, आणि नऊ दिवसांनी चहाचा गोल डाग घेऊन ती परत आली. त्या नऊ दिवसांत ती कुणाच्या टेबलावर उघडी होती, मला माहीत नाही. एक बाई आठवतात. रिपोर्टची घडी मुठीत धरून आल्या होत्या, एका आजाराचं नाव शोधायचं होतं. "नाव लिहावंच लागतं का?" विचारलं. मी हो म्हटलं. त्या मान हलवून गेल्या. आणि ज्याला खरंच काही काळं-बेरं करायचं असेल तो मामेभावाचं लायसन घेऊन यायचा. फोटोत तोंड कुणाचं आहे ते झेरॉक्समध्ये ब्रह्मदेवालाही ओळखता यायचं नाही.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की आपल्या 2022 च्या निर्देशांत मला माझीच लाल वही दिसते. फक्त आता ती एका बोळातल्या काउंटरवर नाही, अख्ख्या देशाच्या काउंटरवर आहे.

लोक दुकानात विचारतात, "ताई, व्हीपीएन टाकू का? सरकार बघतं म्हणे." मी त्यांना घाबरवत नाही आणि व्हीपीएन विकतही नाही. जे आहे ते सांगते. व्हीपीएन चालू असलं, की तुमच्या फोनमधून निघणारं सगळं एका बंद नळीतून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातं आणि तिथून पुढं सुटतं. तुमच्या नेटवाल्याला किंवा लॉजच्या वायफायवाल्याला नळी दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. पण ज्याच्या सर्व्हरवर नळी उघडते त्याला तुम्ही कुठं जाता ते दिसू शकतं. म्हणजे भरवसा एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवायचा, एवढंच. फुकटच्या व्हीपीएनवर तर डोळे झाकून ठेवूच नये. फेसबुकनं ओनाव्हो नावाचं फुकट व्हीपीएन विकत घेतलं होतं. लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती त्यातून कंपनीला मिळायची, आणि 2019 साली ते बंद करावं लागलं. अ‍ॅव्हास्ट ही तर लोकांना सुरक्षितता विकणारी कंपनी. ग्राहकांनी कोणत्या साइट बघितल्या ते विकल्याबद्दल तिला 2024 मध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

शिवाय बँकेची साइट, मेल यांच्यात आता कुलूप असतंच. वायफायवाल्याला साइटचं नाव कळतं, पासवर्ड नाही. फोनमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसलं तर व्हीपीएन, सिग्नल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं पालथ्या घड्यावर पाणी, कारण तो चोर कुलपाच्या आतच बसलेला असतो. पेगॅसस नावाच्या अशाच सॉफ्टवेअरच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं 29 फोन तपासले, त्यातल्या पाचांत कसलं तरी घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही आणि सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही, हे 2022 च्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीशांनीच भर कोर्टात सांगितलं.

मग साध्या माणसानं घाबरावं का? दिल्लीत बसून कुणी आमच्या मास्तरांवर डोळा ठेवून आहे असं मला वाटत नाही. मास्तरही तसे काही कुणाच्या डोळ्यावर येण्यासारखे नाहीत. मला भीती डोळ्याची नाहीच. डोळा मिटतो, झोपतो, कंटाळतो. वही मिटत नाही. आज कुणालाही न लागणारी ओळ पाच वर्षांनी कुणाच्या हाताखाली येईल, हे ती लिहून घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. ती पोरगी काही गुपित लपवत नव्हती. तिनं फक्त फोन नंबर लिहिला होता.

यावरून माझ्या तक्रारी अशा.

पहिली आणि सगळ्यात मोठी. संशयितामागे जाणं वेगळं आणि सगळ्यांना रांगेत उभं करून नावं लिहून घेणं वेगळं. 2021 मध्ये फ्रान्समधल्या एका आंदोलकाच्या प्रकरणात स्विस यंत्रणेनं प्रोटॉनला कायदेशीर आदेश दिला आणि त्या एका ईमेल खात्याचा आयपी पत्ता नोंदवायला लावला. प्रोटॉनवर लोक चिडले. मला मात्र त्यातली रीत बरी वाटते : एक खातं, एक आदेश, आणि नोंद त्या दिवसापासून पुढची. उलट जिथं वहीच कोरी असते तिथं काय होतं तेही बघा. रशियाच्या राजदूताच्या खुनाच्या तपासात तुर्कस्तानच्या यंत्रणेनं एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त केला, त्यात काही निघालं नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये स्वीडनचे पोलीस मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीत शिरले आणि रिकाम्या हातानं परतले. 2016 मध्ये अमेरिकेत सिग्नल या मेसेजच्या अ‍ॅपकडे माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. आपण म्हणाल, हेच तर नको आहे, खुनाच्या तपासात सर्व्हर कोरा निघालेला कसा चालेल? प्रश्न रास्त आहे, मी टाळत नाही. तपास अवघड होतो हे खरं. पण कोऱ्या वहीतून कुणाचीही ओळ चोरीला जात नाही, हेही तितकंच खरं, आणि आपल्या निर्देशांत या दुसऱ्या बाजूला जागाच दिलेली नाही.

दुसरी. चोर वहीत स्वतःचं नाव लिहीत नाही. आज देशात सिम घ्यायला केवायसी लागतं, बँकेत खातं उघडायला केवायसी लागतं. तरी डिजिटल अरेस्टच्या नावाखाली म्हाताऱ्यांना लुटणारे पैसे घेतात ते कुणा तिसऱ्याच गरिबाच्या नावानं उघडलेल्या खात्यात. आमच्याच भागातल्या एका ड्रायव्हरनं पाच हजारांसाठी आपलं पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाला तरी ‘वापरायला’ दिलं. चौकशी त्याच्या दारात आली, वापरणारा कधीच पसार झालेला. व्हीपीएनच्या वहीतही हेच होणार. शिवाय ज्या कंपन्यांनी सर्व्हर बाहेर नेले त्यांची सेवा इथून घेता येतेच. म्हणजे चोराला सिंगापूर मोकळं आणि नियम पाळून इथं धंदा करू पाहणाऱ्या लहान होस्टिंगवाल्याच्या (साइटसाठी सर्व्हर भाड्यानं देणाऱ्याच्या) डोक्यावर पाच वर्षांची वही. अशाच एका होस्टिंगवाल्यानं 2022 मध्ये आपल्या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते काही उगाच नव्हे.

तिसरी, ‘उद्देश’ हा रकाना. हा वाचून मी खरंच चक्रावले. 2011 च्या नियमांनीही मला गिऱ्हाइकाला "कशाला बसताय?" असं विचारायला लावलं नव्हतं. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटू पाहणारी बाई काय लिहील? बातमीदार काय लिहील? आणि बदमाश काय लिहील, ते सांगायलाच नको : ‘शैक्षणिक’.

चौथी तक्रार नोंद सांभाळण्याची. जमवलेली माहिती फुटते. 2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढं मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं. त्या प्रकरणात आपलंच कार्यालय धावून गेलं होतं, तेव्हा मी नव्यानं काय सांगू. 2023 च्या जूनमध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला, की लस घेताना दिलेल्या ओळखपत्राचा क्रमांक समोर येत होता. कोविन सुरक्षित आहे असं सरकारनं सांगितलं. असेल. पण लोकांचे क्रमांक बाहेर होते, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं. एवढ्या मोठ्या वाड्यांना भगदाडं पडतात, तिथं चार माणसांची होस्टिंग कंपनी पाच वर्षांची नावं-पत्ते कशी राखणार?

पाचवी. आमची नोंद ठेवा म्हणणारं आपलं कार्यालय स्वतः मात्र माहिती अधिकाराच्या बाहेर गेलं. 2023 च्या नोव्हेंबरात अधिसूचना निघाली आणि सर्ट-इनचं नाव त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, गुप्तचर संस्थांच्या पंगतीत बसलं. आता भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा भंग एवढे विषय सोडले तर आम्ही काही विचारू शकत नाही. 2022 पासून किती ग्राहकांच्या नोंदी मागवल्या? किती गुन्हे त्यातून उलगडले? एक तरी? मी अर्ज लिहून तयार ठेवला होता, मग कळलं की पोस्टाचा खर्च वाया जाईल. माझ्याकडून महिन्याच्या पाच तारखेला अहवाल घेतला जायचा. आपला अहवाल कुणाकडे जातो?

सहावी आपल्या एकट्या कार्यालयाची नाही, मंत्रालयाचीही आहे. पाळत ठेवण्यावर पहारा कुणाचा? फोन टॅप करायचा किंवा कॉम्प्युटरमधली माहिती बघायची तर आदेश गृहसचिवांचा, आणि तो बरोबर होता का हे बघणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठंच नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, म्हणजे आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात एके काळी बसलेले, यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीनं 2018 च्या अहवालात लिहून ठेवलंय, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या सचिवांच्या समितीसमोर दर बैठकीला 15 ते 18 हजार आदेश असतात. सहा तास न उठता बसले असं धरलं, तर मिनिटाला चाळीस ते पन्नास. मी फॉर्मवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवायलाही याहून जास्त वेळ घेते. आणि आदेश चुकतात. 2019 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचेचा संशय म्हणजे सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात, असं होत नाही, असं सांगून न्यायालयानं रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. तो माणूस वकील लावून मुंबईच्या कोर्टापर्यंत पोचू शकला. आपला फोन टॅप झाला हे ज्याला कधी कळतच नाही त्यानं काय करायचं?

2023 चा डेटा संरक्षण कायदा येतोय म्हणून मी आनंदले होते. वाचला, तर कलम 17 मध्ये सरकारला आपल्या कुठल्याही संस्थेला त्यातून सूट द्यायची मोकळीक. यावर जास्त लिहीत नाही.

आपल्या कामाची मला कदर नाही असं समजू नका. घातक अ‍ॅपच्या, सॉफ्टवेअरमधल्या भोकांच्या सूचना आपण काढता, त्या मी मराठीत करून दुकानात चिकटवते. माझ्या काउंटरवर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर मोठ्या अक्षरात आहे. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवा, ही त्याच 2022 च्या निर्देशांतली अट पुष्कळांना जाचक वाटली. मला ती योग्य वाटते. आग लागली तर बंब बोलवायलाच हवा. माझं भांडण एका कलमाशी आहे.

आणि सरकार ऐकत नाही असंही नाही. 2025 च्या नोव्हेंबर अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच टाकून द्यायचा आदेश निघाला. लोक बोलले, संसदेत आवाज उठला आणि आठवड्याच्या आत, 3 डिसेंबरला, सक्ती मागे घेतली गेली. अ‍ॅप चांगलंच आहे, हरवलेला फोन त्यातून बंद करता येतो, मी लोकांना टाकून देते. विचारून टाकते.

‘काही लपवायचं नसेल तर भ्यायचं कशाला’ हे मी बारा वर्षं काउंटरच्या अलीकडून लोकांना सांगितलं. साहेब विचारतील म्हणून सांगितलं, आणि थोडं पटतही होतं म्हणून. मग 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या अर्जावर हे झालं ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, तेव्हा नव्वदी ओलांडलेले. त्या निकालानं कसोटी घालून दिली : सरकारनं खासगीपणात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि जेवढी गरज तेवढाच हात. आपला हेतू रास्त आहे. पण सगळ्या ग्राहकांची सगळी ओळख पाच वर्षं, ही ‘जेवढी गरज तेवढी’ कशी, हे मला कुणी समजावून द्यावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

व्हीपीएन आणि व्हीपीएसच्या सगळ्या ग्राहकांची पाच वर्षं नोंद ठेवण्याचं कलम मागे घ्या. त्याजागी नेमक्या खात्यासाठी, नेमक्या मुदतीसाठी, न्यायाधीशाच्या लेखी आदेशानं नोंद ठेवून घेण्याची सोय करा. त्याला माझ्यासारखीचा विरोध असणार नाही. ते होईपर्यंत ‘उद्देश’ हा रकाना तरी उद्याच्या उद्या काढा. त्याला संसद लागत नाही, आपल्या सहीचं एक पत्रक पुरतं.

या कलमाखाली दर वर्षी किती वेळा माहिती मागवली, किती लोकांची, त्यातून किती प्रकरणं कोर्टात उभी राहिली, एवढे आकडे जाहीर करा. नावं नकोत. आकडे फोडून देशाची सुरक्षितता धोक्यात येत नाही. सर्ट-इनला माहिती अधिकारातून दिलेली सूट रद्द करावी, ही मागणी मंत्रालयानं वर पोचवावी. आणि टॅपिंगच्या आदेशांवर देखरेख करणाऱ्या समितीत निदान एक न्यायाधीश असावा.

व्हीपीएन वापरणं हा या देशात सरसकट गुन्हा नाही, हे आपल्या कार्यालयानं मराठीसह सगळ्या भाषांत एकदा स्पष्ट लिहून द्यावं. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत 2025 मध्ये व्हीपीएनवर तात्पुरती बंदी आली, त्या बातम्यांचे अर्धवट मेसेज फिरत फिरत मिरजेत आले, आणि आता ऑफिसच्या कामासाठी कंपनीनंच दिलेलं व्हीपीएन चालू करायलाही एक पोरगी मला "पोलीस येणार नाहीत ना?" म्हणून विचारते. आपण 2022 च्या मे महिन्यात काढलेल्या प्रश्नोत्तरांत कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही असं म्हटलं होतं. ते इंग्रजीत आहे. तिनं ते वाचलेलं नाही, आणि तिच्या साहेबांनीही नाही.

शेवटचं माझ्या घरचं आहे. कॅफे 2018 मध्ये बंद केला, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. 2011 पासूनच्या वह्या आणि ओळखपत्रांच्या प्रतींचे गठ्ठे माळ्यावर आहेत. गेल्या पावसाळ्यात पत्रा गळला म्हणून खाली उतरवले. कसर लागली आहे, पण नावं, नंबर, सह्या स्वच्छ वाचता येतात. त्या पोरीची ओळही आहे. वही कमीत कमी एक वर्ष ठेवा, असं नियम सांगतो. ती नष्ट कधी आणि कशी करायची, ते सांगत नाही. रद्दीत मी त्या घालणार नाही. दोन वेळा तोंडी विचारलं, दोन वेळा "राहू द्या, लागल्या तर मागवू" असं उत्तर मिळालं.

या वह्या मी जाळू का? होय किंवा नाही, एवढंच लेखी कळवावं. उत्तर येईपर्यंत गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून, त्याच प्लायच्या मांडणीत, कुलपात ठेवले आहेत.

कळावे,
आपली,
मिरजेतली एक माजी नेट कॅफेवाली